घरपट्टीची मर्यादा आणि स्वराज्याची मर्यादा

घरपट्टीच्या वाढीला विरोध हा शहरी राजकारणातला सर्वांत सोपा कार्यक्रम आहे. त्यासाठी अभ्यास लागत नाही, मोठी संघटना लागत नाही, आणि विरोधक तर कोणी उरतच नाही. नगरपालिकेवर मोर्चा न्यावा, वाढीच्या नोटिसांची होळी करावी, मंत्र्यांनी मुंबईहून स्थगिती जाहीर करावी आणि सर्वांनी विजयाच्या घोषणा देत घरी जावे, हा परिपाठ महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांना परिचित आहे. अशा मोर्चांत समाजवादी कार्यकर्तेही हिरिरीने सामील होत आले आहेत, आणि त्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतनावर जगणारा शिक्षक, गिरणी बंद पडल्याने घरी बसलेला कामगार, दोन खोल्यांच्या घरावर संसार रेटणारी विधवा यांच्यावरचा बोजा हलका व्हावा, ही मागणी न्याय्यच आहे. परंतु तिचे रूपांतर जेव्हा मालमत्तेवरील कराला कायद्याने कायमची मर्यादा घालण्याच्या मागणीत होते, तेव्हा थांबून विचार करावा लागतो. मर्यादेने सवलत कोणाला मिळते? तूट कोण भरून काढतो? आणि जिचा कर गोठवला त्या संस्थेच्या स्वराज्याचे पुढे काय होते?

या प्रश्नांची उत्तरे केवळ तर्काने शोधण्याची गरज नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७८ साली हा प्रयोग राज्यघटनेत दुरुस्ती करून केला, आणि त्याचा जवळजवळ अर्ध्या शतकाचा अनुभव जगापुढे आहे. घरपट्टीविरोधी मोर्चात उतरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने तो समजून घेतला पाहिजे.

संताप खरा होता

कॅलिफोर्नियातील जनतेने जे केले ते केवळ धनिकांच्या कारस्थानामुळे केले, असे म्हणून हा विषय उडवून लावणे सोपे आहे; पण ते खरे नव्हे. तेथे नगरपालिका, कौंट्या आणि शाळा मंडळे यांचा मुख्य आधार मालमत्ता कर हाच होता. आकारणी करणारे अधिकारी निवडून आलेले असत, आणि मते घरमालकांची असल्यामुळे घरांची आकारणी कमी व कारखाने-दुकानांची जास्त, अशी अलिखित वहिवाट अनेक ठिकाणी पडली होती. १९६५ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्को येथे आकारणी कमी करण्यासाठी लाच घेतली जात असल्याचे प्रकरण उघडकीस आले. त्यावर उपाय म्हणून १९६६ साली राज्याने कायदा करून सर्व मालमत्तांची आकारणी बाजारभावाच्या एकाच ठरावीक प्रमाणात करण्याचे बंधन घातले. भ्रष्टाचाराला आळा बसला. परंतु घरांना मिळणारी अलिखित सवलतही त्याबरोबर गेली.

त्यापाठोपाठ सत्तरच्या दशकातली महागाई आली. घरांच्या किमती झपाट्याने चढल्या, आकारणी त्यांच्यामागे चढली. परंतु त्या प्रमाणात कराचे दर मात्र खाली आणले गेले नाहीत. ज्याने घर विकलेले नाही, ज्याचे उत्पन्न वाढलेले नाही, त्याच्या हाती दर वर्षी मोठ्या रकमेचे बिल पडू लागले. त्याच वेळी राज्य सरकारच्या तिजोरीत अब्जावधी डॉलरची शिल्लक साठत होती. विधिमंडळात सवलतीच्या योजनांवर वर्षानुवर्षे चर्चा झाली, पण वेळेवर तोडगा निघाला नाही. सामान्य माणसाचा संताप न्याय्य असतो आणि त्याला पुरोगामी पक्ष वेळेवर न्याय्य वाट काढून देत नाहीत, तेव्हा दुसरेच कोणी ती काढून देतात. कॅलिफोर्नियात हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी ती काढली. त्यांपैकी जार्विस हे लॉस एंजेलिसमधील भाड्याच्या इमारतींच्या मालकांच्या संघटनेचे पदाधिकारी होते, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे.

६ जून १९७८ रोजी प्रस्ताव क्रमांक १३ सुमारे ६५ टक्के मतांनी संमत झाला. त्याच्या तरतुदी मोजक्याच होत्या. मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्याहून अधिक असू नये. मूल्य १९७५-७६ सालच्या पातळीवर मागे न्यावे. त्यापुढे ते वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढावे. मालमत्तेची विक्री झाली किंवा नवे बांधकाम झाले तरच बाजारभावाने नवी आकारणी करावी. शिवाय राज्याचे कर वाढवण्यासाठी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत, आणि स्थानिक संस्थांनी विशेष कर बसवण्यासाठी दोन-तृतीयांश मतदारांची संमती आवश्यक ठरली. म्हणजे एका दारातून उत्पन्न बाहेर गेले आणि उरलेल्या दारांनाही जवळजवळ कुलपे लागली.

सवलत कोणाच्या पदरी पडली

प्रचारात पुढे उभी केली गेली ती वृद्ध, निवृत्त घरमालकाची मूर्ती. परंतु मर्यादा तिच्यापुरती नव्हती. ती सर्व मालमत्तेला होती. राहत्या घराला जी, तीच तेलकंपनीच्या शुद्धीकरण कारखान्याला, विमा कंपनीच्या मनोऱ्याला, शेकडो गाळे भाड्याने देणाऱ्या जमीनदाराला. ज्याची मालमत्ता मोठी त्याची सवलत मोठी, हा मर्यादेचा अंगभूत गुण आहे. पुढे तर आणखी एक गोष्ट घडली. माणसाचे घर कधी ना कधी विकले जाते व तेव्हा त्याची नवी आकारणी होते. कंपनी मात्र मरत नाही. तिचे भाग हातोहात बदलत राहतात, आणि कोणा एकाच्या हाती निम्म्याहून अधिक हिस्सा आला नाही, तर कायद्याच्या दृष्टीने तिच्या जमिनीची मालकी बदललेली नसते. वृद्ध विधवेच्या नावाने आणलेले संरक्षण अशा रीतीने महामंडळांना जवळजवळ चिरकालीन झाले.

सवलतीचा आणखी एक वाटेकरी कोणाच्या ध्यानीमनी नव्हता. तो म्हणजे वॉशिंग्टनची केंद्रीय तिजोरी. अमेरिकेत मालमत्ता कराची रक्कम केंद्रीय प्राप्तिकर मोजताना उत्पन्नातून वजा करता येत असे. मालमत्ता कर घटला तशी ही वजावट घटली, आणि प्राप्तिकर तितका वाढला. गावच्या शाळेला व अग्निशामक दलाला जाणाऱ्या पैशातला काही भाग अशा रीतीने केंद्र सरकारकडे वळला.

आणि भाडेकरू? मालकांचा कर उतरला की भाडी उतरतील, असे आश्वासन त्यांना देण्यात आले होते. भाडी उतरली नाहीत. या अपेक्षाभंगातूनच भाडेकरूंचे आंदोलन उभे राहिले, आणि १९७९ व १९८० या दोन वर्षांत सांता मोनिका, लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को, बर्कली या शहरांत भाडेनियंत्रणाचे कायदे झाले. करमर्यादेच्या चळवळीला मालकांची संघटना जवळची होती, आणि त्याच चळवळीच्या पोटी भाडेनियंत्रण जन्माला आले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा लागेल.

यापेक्षाही दूरगामी परिणाम झाला तो समानतेच्या तत्त्वावर. एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी उभी असलेली, एकाच नकाशाची दोन घरे उदाहरणादाखल धरावीत. एक १९७५ साली ४०,००० डॉलर मूल्याचे होते व त्याच कुटुंबाकडे राहिले. वर्षाला २ टक्के वाढ धरली तर ४५ वर्षांनी त्याचे करासाठीचे मूल्य सुमारे ९७,५०० डॉलर होते, आणि १ टक्का दराने कर सुमारे ९७५ डॉलर. दुसरे घर २०२० साली एका तरुण जोडप्याने ८,००,००० डॉलरना घेतले; त्याचा कर ८,००० डॉलर. रस्ता एक, दिवाबत्ती एक, शाळा एक. कर मात्र आठपट. अशाच विषमतेविरुद्ध लॉस एंजेलिसमधील एक नवी घरमालकीण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. शेजाऱ्यांच्या सुमारे पाचपट कर तिला भरावा लागत होता. १९९२ साली न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हा भेद घटनाबाह्य नसल्याचा निर्णय दिला. एकट्या न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी भिन्न मत नोंदवले. त्यापूर्वीच, १९८६ साली, आईवडिलांकडून मुलांकडे जाणाऱ्या घरांनाही जुनीच आकारणी चालू ठेवण्याची मुभा मतदारांनी दिली होती. घराबरोबर कराची सवलतही वारसाहक्काने मिळू लागली. २०२० साली ही मुभा बरीच आखडण्यात आली खरी. परंतु त्याच निवडणुकीत मोठ्या व्यापारी मालमत्तांची आकारणी बाजारभावाने करण्याचा प्रस्ताव सुमारे ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी फेटाळला गेला. चाळीस वर्षे उपभोगलेली सवलत हक्क बनते, आणि तिच्याभोवती हितसंबंधांचा कोट उभा राहतो.

नगरपालिकांचे काय झाले

एका वर्षात स्थानिक संस्थांचे मालमत्ता कराचे उत्पन्न निम्म्याहून अधिक घटले. उन्हाळी शाळांचे वर्ग मोठ्या प्रमाणावर बंद झाले, ग्रंथालयांच्या वेळा कमी झाल्या, नोकरभरती थांबली. तरीही ज्या सर्वनाशाचे भाकीत विरोधकांनी केले होते तो लगेच आला नाही. कारण राज्य सरकारने आपली शिल्लक मोकळी केली. मतदानापूर्वी प्रस्तावाला विरोध करणारे गव्हर्नर जेरी ब्राउन हे निकालानंतर त्याच्या अंमलबजावणीस उत्साहाने लागले. राज्याने नगरपालिका, कौंट्या व शाळा यांना मदत दिली, आणि १९७९ साली ही व्यवस्था कायद्याने पक्की केली. सामान्य नागरिकाला वाटले की कर कमी झाला आणि सेवाही चालू राहिल्या.

परंतु ज्या हाताने पैसा येतो त्याच हाती सत्ता जाते. मालमत्ता कराचा १ टक्का गोळा होतो स्थानिक पातळीवर; पण त्यातला किती वाटा नगरपालिकेला, किती कौंटीला, किती शाळेला, हे ठरवण्याचा अधिकार राज्याकडे गेला. १९९० नंतरच्या मंदीत राज्याची स्वतःची अंदाजपत्रके कोलमडली, तेव्हा १९९२ व १९९३ मध्ये सरकारने नगरपालिका-कौंट्यांच्या वाट्याचा मालमत्ता कर शाळांकडे वळवला आणि तितकी आपली शिक्षणावरची जबाबदारी हलकी करून घेतली. मदत देणारे राज्य ती काढूनही घेऊ शकते, हा धडा नगरपालिकांना चौदा वर्षांनी मिळाला. राज्याच्या अशा कारवायांना लगाम घालण्यासाठी पुढे २००४ साली आणखी एक घटनादुरुस्ती करावी लागली.

उत्पन्नाचा मुख्य झरा आटल्यावर स्थानिक संस्थांनी इतर वाटा शोधल्या. सेवांवरील शुल्के वाढली. नव्या वसाहतींवर रस्ते, गटारे, उद्याने यांचा खर्च आधीच वसूल करणारी आकारणी सुरू झाली. १९८२ च्या एका कायद्यान्वये नव्या वसाहतीचा स्वतंत्र कर-विभाग करून तेथील रहिवाशांवरच रोख्यांचे ओझे टाकण्याची सोय झाली. म्हणजे जुन्या रहिवाशांना मिळालेल्या सवलतीची किंमत नवे घर घेणाऱ्या तरुण कुटुंबाने मोजावी, अशी व्यवस्था उभी राहिली.

दुसरा परिणाम शहराच्या रचनेवरच झाला. विक्रीकरातला १ टक्का ज्या गावी विक्री होते त्या गावाला मिळतो. घरांपासून कर मर्यादित आणि सेवांचा खर्च मोठा. याउलट मोठी दुकाने व मोटारविक्रीची केंद्रे यांच्यापासून विक्रीकराचे घसघशीत उत्पन्न. तेव्हा हिशेबी नगरपालिका घरांसाठी जमीन कशाला देतील? शेजारच्या गावाची बाजारपेठ आपल्या हद्दीत ओढून आणण्याची चढाओढ लागली. घरांची टंचाई कॅलिफोर्नियात अनेक कारणांनी निर्माण झाली. पण नगरपालिकेला घर नकोसे करणारी ही करव्यवस्था त्यांपैकी एक आहे, यात शंका नाही.

तिसरी वाट जुगाराची होती. डिसेंबर १९९४ मध्ये ऑरेंज कौंटी या संपन्न कौंटीने दिवाळखोरी जाहीर केली. तिच्या खजिनदाराने सार्वजनिक निधी कर्ज काढून धोक्याच्या गुंतवणुकीत घातला होता, आणि सुमारे १.६ अब्ज डॉलरचे नुकसान झाले. या कृत्याची जबाबदारी करमर्यादेवर ढकलता येणार नाही. परंतु जेथे कर वाढवता येत नाही तेथे जास्त व्याज मिळवून देणाऱ्या खजिनदाराला कोणी प्रश्न विचारत नाही, हेही तितकेच खरे.

प्रतिपक्षाची बाजू

मर्यादेच्या समर्थकांचे दोन मुद्दे दुर्लक्षण्यासारखे नाहीत. पहिला मुद्दा निश्चिंततेचा. घराची बाजारातली किंमत वाढली म्हणून घरात राहणाऱ्याच्या खिशात पैसा येत नाही, आणि कराच्या बोज्याखाली वृद्धांना आपली वस्ती सोडावी लागणे हा अन्याय आहे. हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याचा उपाय उत्पन्नाशी जोडलेली सवलत हा आहे. विस्कॉन्सिन राज्याने १९६४ सालीच अशी योजना आखली होती. त्यात कुटुंबाच्या उत्पन्नाच्या मानाने घराच्या कराचा भार बेताबाहेर गेला, तर त्याची भरपाई राज्य करते, आणि भाड्यातून अप्रत्यक्षपणे कर भरणाऱ्या भाडेकरूलाही तिचा लाभ मिळतो. वृद्धांचा कर घराची विक्री किंवा वारसाहक्क होईपर्यंत पुढे ढकलणे हा दुसरा उपाय. दोन्ही उपायांत सवलत गरजेला मिळते. मर्यादेत ती मालमत्तेला मिळते.

दुसरा मुद्दा असा की, स्थानिक मालमत्ता कर स्वतःच विषमता निर्माण करतो. श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत, गरीब वस्तीची गरीब. हा आक्षेप समाजवाद्यांचा स्वतःचाच आहे, आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ व १९७६ साली तो उचलून धरला होता. परंतु त्याचे उत्तर राज्याने गरीब भागांना अधिक अनुदान द्यावे हे आहे. सर्वांचाच कर गोठवावा हे नव्हे. मॅसॅच्युसेट्स राज्याचा अनुभव येथे बोलका आहे. तेथे १९८० साली अडीच टक्क्यांची मर्यादा आली. मात्र गावातल्या साध्या बहुमताने ती ओलांडण्याची सोय ठेवली गेली. ही सोय लोकशाहीला धरून आहे. पण तिचा उपयोग प्रामुख्याने सुस्थितीतल्या गावांनी केला. त्यांनी मतदान करून आपल्या शाळांसाठी जास्त कर स्वतःवर बसवून घेतला. गरीब शहरांना ते परवडले नाही. मर्यादेने विषमता मिटली नाही, तिला केवळ दुसरा मार्ग मिळाला.

या सर्व कथेतला विरोधाभास असा की, जमिनीच्या वाढत्या किमतीवर समाजाचा हक्क आहे, हा विचार ज्या ग्रंथाने जगभर पोचवला तो याच कॅलिफोर्नियात लिहिला गेला. सॅन फ्रान्सिस्कोत राहून हेन्री जॉर्ज यांनी लिहिलेला 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हा ग्रंथ १८७९ साली प्रसिद्ध झाला. लोकवस्ती वाढते, रस्ते होतात, व्यापार वाढतो, त्यामुळे जमिनीची किंमत चढते; मालकाने त्यासाठी काही केलेले नसते; म्हणून ही अनार्जित वाढ समाजाने कररूपाने परत घ्यावी, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार. त्याला शंभर वर्षे पुरी व्हायला एक वर्ष उरले असताना त्याच राज्याने ही अनार्जित वाढ जवळजवळ पूर्णपणे मालकाच्या स्वाधीन केली.

मुंबईची मर्यादा

हा अनुभव महाराष्ट्राला परका नाही. येथे मर्यादा वेगळ्या वेषात आली, इतकेच. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यान्वये कराची आकारणी, मालमत्तेला वाजवीपणे जे वार्षिक भाडे येईल त्यावर होत असे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर आणि नंतर प्रथम भाड्याने दिलेल्या जागांची भाडी त्या पहिल्या भाड्यावर गोठवली. भाडेकरूंना हे संरक्षण देणे योग्यच होते, आणि त्यासाठी झालेल्या लढ्यांचा समाजवाद्यांना सार्थ अभिमान आहे. परंतु कराचा पायाही या गोठलेल्या भाड्याला बांधला गेला. प्रमाणित भाड्यापलीकडे करपात्र मूल्य धरता येणार नाही, मालक स्वतः राहत असला तरीही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली स्पष्ट केले. परिणाम कॅलिफोर्नियासारखाच झाला. मालमत्तेची किंमत काय यापेक्षा तिचे वय काय यावर कर ठरू लागला. दक्षिण मुंबईतल्या जुन्या, प्रशस्त जागेचा कर अल्प आणि उपनगरातल्या नव्या, लहान सदनिकेचा कर जास्त, हे दृश्य सर्वत्र दिसू लागले. पाया गोठलेला, म्हणून महापालिका दर चढवत गेली. आणि चढत्या दरांचा मार नव्या इमारतींवर सर्वाधिक बसला. भाडेकरूचे संरक्षण आणि मालमत्तेची आकारणी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्या होत्या. त्या वेगळ्या करायला २०१० साल उजाडावे लागले. त्या वर्षी भांडवली मूल्यावर आधारित आकारणी सुरू झाली.

मात्र भांडवली मूल्याची पद्धत येताच नव्या मर्यादाही आल्या. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर प्रथम पाच वर्षे जुन्या पातळीवर ठेवण्यात आला. २०१९ साली त्यांना सर्वसाधारण कर माफ झाला. आणि जानेवारी २०२२ मध्ये संपूर्ण मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय जाहीर झाला. दर पाच वर्षांनी व्हायची मूल्यांची फेरतपासणी २०२० साली व्हायची होती. ती साथीच्या काळात पुढे ढकलली गेली. लहान घरांना माफी देण्यात कॅलिफोर्नियाच्या सरसकट मर्यादेपेक्षा अधिक न्याय आहे, हे नाकारता येणार नाही. तरीही तिची कसोटी चौरस फूट ही आहे. उत्पन्नही नव्हे आणि मूल्यही नव्हे. समुद्रासमोरच्या ४९० चौरस फुटांच्या सदनिकेला माफी मिळते, आणि दूरच्या उपनगरात सहा माणसांच्या कुटुंबाने कर्ज काढून घेतलेल्या ५२० चौरस फुटांच्या घराला मिळत नाही. शिवाय कायदा राज्याचा, माफी राज्याची, आणि तूट मात्र महापालिकेची, हा व्यवहार स्वराज्याच्या तत्त्वात बसत नाही.

ही तूट आता अधिक महाग पडते; कारण नगरपालिकांचा दुसरा खांब आधीच काढून घेतलेला आहे. मुंबईची जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. इतर महापालिकांतली त्याआधीच गेली होती. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था करही १ ऑगस्ट २०१५ पासून बहुतेक व्यापाऱ्यांपुरता रद्द झाला. त्यांची जागा राज्याकडून येणाऱ्या भरपाईने घेतली. जकात नाक्यांवरच्या भ्रष्टाचारामुळे तिच्याबद्दल कोणाला हळहळ वाटली नाही. परंतु तिच्या जाण्याने मालमत्ता कर हा नगरपालिकेच्या हाती उरलेला एकमेव मोठा कर ठरला. भारतात सर्व नगरपालिका मिळून या करातून जे गोळा करतात ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाव टक्क्याइतकेही नाही. म्हणूनच पंधराव्या वित्त आयोगाने नगरपालिकांच्या अनुदानासाठी मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करण्याची अट घातली. केंद्राने किमान मर्यादा मागायची, राज्याने माफी वाटायची आणि नगरपालिकेने दोघांच्या तोंडाकडे पाहायचे! ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ साली दिलेले स्वराज्य व्यवहारात इतकेच उरते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिली, तरी त्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले नाही. ज्या सभागृहाच्या हाती कर ठरवण्याचे सामर्थ्य नाही, त्याच्या अभावाची उणीव नागरिकाला तरी कशी भासावी?

कार्यकर्त्यांपुढील काम

राममनोहर लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखंबा राज्याची कल्पना मांडली. खांब तोच, जो स्वतःच्या पायावर भार पेलतो. वरून टांगलेल्या वस्तूला खांब म्हणत नाहीत. स्वतःचे उत्पन्न नसलेली नगरपालिका ही अशी टांगलेली वस्तू होय. विकेंद्रीकरणाचा पुरस्कार करायचा आणि स्थानिक संस्थेचा एकमेव कर गोठवण्याच्या मोर्चात अग्रभागी राहायचे, या दोन गोष्टी एका पक्षाला एकत्र करता येणार नाहीत.

म्हणून घरपट्टीच्या प्रश्नावर समाजवादी कार्यकर्त्यांनी वेगळ्या मागण्या घेऊन उभे राहिले पाहिजे. सवलत घराच्या क्षेत्रफळाप्रमाणे नको, कुटुंबाचे उत्पन्न आणि घराचे मूल्य पाहून द्यावी, आणि तिचा लाभ भाडेकरूपर्यंत पोचावा. वृद्धांना व विधवांना कर पुढे ढकलण्याची मुभा असावी. राज्याने माफी जाहीर केल्यास तिची संपूर्ण भरपाई राज्याने कायद्याने बांधून द्यावी. व्यापारी संकुले, मोकळे ठेवलेले भूखंड आणि भाव वाढण्याची वाट पाहत कुलूप लावून ठेवलेल्या सदनिका यांची फेरआकारणी ठरल्या मुदतीत व्हावी. मेट्रो, उड्डाणपूल यांच्यामुळे ज्यांच्या जमिनींचे मोल वाढते त्यांच्याकडून त्या वाढीचा वाटा नगरपालिकेला मिळावा. आणि कराचा दर निवडून आलेल्या सभागृहाने उघड चर्चेत ठरवावा. प्रत्येक प्रभागात किती कर जमला आणि किती खर्च झाला याचा हिशेब दर वर्षी नागरिकांपुढे मांडावा. कर देणाऱ्याला नळाला पाणी, शाळेला शिक्षक आणि दवाखान्यात औषध दिसले पाहिजे. ते दिसत नाही म्हणूनच कराविरुद्धचे मोर्चे भरतात. तेव्हा या हिशेबासाठीही मोर्चे निघाले पाहिजेत.

हा कार्यक्रम नोटिसांची होळी करण्याइतका सोपा नाही. वस्तीवस्तीत बसून आकारणीची पुस्तके उलगडावी लागतील, कोण किती भरतो आणि कोण बुडवतो हे शोधावे लागेल, आणि थोडा कर देण्यात आपले हित आहे हे सामान्य माणसाला पटवावे लागेल. परंतु कॅलिफोर्नियात हे काम वेळेवर झाले नाही. तेथे १९७८ पूर्वी वृद्ध घरमालकाला न्याय्य सवलत मिळाली असती, तर त्याच्या आडून महामंडळांना आपल्या कराची कायमची सोय करून घेता आली नसती. महाराष्ट्रात ती वेळ अद्याप गेलेली नाही. पुढच्या वेळी घरपट्टीच्या नोटिसा निघतील तेव्हा रद्द करा म्हणण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी आकारणीची यादी मागवावी, आणि तिच्यात सर्वांत मोठी मालमत्ता कोणाची व तिचा कर किती, हे प्रथम वाचावे.